चार चालींचा डाव

देवनारहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा नववीत. गणिताच्या वहीची मागची दहा-बारा पानं आकड्यांनी भरलेली त्यांना दिसली. ‘११० × ०.७ = ७७’, ‘९० × १ = ९०’, पुढे बाण, बाणापुढे ‘जमीन’, ‘बर्फ’, ‘ड्रॅगन’ असे शब्द, काही ठिकाणी लाल पेनाने फुली. वहीच्या पुढच्या पानांवर कधी दिसलं नाही इतकं नीटनेटकं काम. चौकशी केल्यावर कळलं की ही पोकेमॉनच्या ऑनलाइन लढतीची तयारी आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारलंय, ‘याला अभ्यास म्हणू की व्यसन?’

प्रश्न एका ओळीचा आहे, पण उत्तर देण्याआधी मुलगा नेमकं काय करतोय ते पाहायला हवं. बहुतेक घरांत हीच पायरी गाळली जाते. मोबाइल दिसला की ‘गेम’, आणि गेम म्हटलं की वेळेचा नाश, इथे विषय संपतो. पण बोट आपटत राहण्याचा गेम आणि वहीत आकडेमोड करायला लावणारा गेम यांत कॅरम आणि बुद्धिबळाइतकं अंतर आहे.

पोकेमॉनचा पहिला गेम जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ रोजी आला. तो रचणारे सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करायचा नाद होता, आणि त्याच नादातून वेगवेगळे प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि मित्राच्या प्राण्यांशी लढवायचे ही कल्पना निघाली. आपल्याकडे तो २००३ पासून कार्टून नेटवर्कवर हिंदीतून दिसू लागला. त्यामुळे आज तिशी-पस्तिशीत असलेल्या अनेक आईबाबांनाही पिकाचू अनोळखी नाही. २०१६ च्या डिसेंबरात ‘पोकेमॉन गो’ भारतात अधिकृतपणे आला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये होनोलुलूला झालेल्या जागतिक स्पर्धेत ‘पोकेमॉन गो’च्या गटात भारताचा खेळाडू उपविजेता ठरला, हे मात्र फार थोड्यांच्या कानावर गेलं असेल.

डब्याचे चार कप्पे

मुख्य मालिकेतल्या लढतीचा गाभा एका नियमात आहे. प्रत्येक पोकेमॉनला कितीही चाली शिकता येत असल्या तरी लढाईत चारच घेऊन जाता येतात. शिकता येण्याजोग्या चाली चाळीस धरल्या, तर त्यांतून चार निवडण्याचे ९१,३९० मार्ग निघतात. आणि संघात असे सहा पोकेमॉन असतात. या चार चालींच्या संचाला मुलं ‘मूव्हसेट’ म्हणतात.

चार पुडांचा डबा डोळ्यांसमोर आणा. श्रीखंड कितीही आवडत असलं तरी चारही पुडांत श्रीखंड भरून कोणी कामावर जात नाही. नवशिका खेळाडू मात्र नेमकं तेच करतो. आगीचा पोकेमॉन मिळाला की आगीच्या चार सर्वांत जबर चाली भरतो. समोर पाण्याचा पोकेमॉन आला की चारही चाली एकदम निम्म्या होतात आणि हातात काही उरत नाही.

खेळात एकूण १८ प्रकार आहेत. पाणी, आग, वीज, गवत, बर्फ, जमीन, पोलाद, ड्रॅगन वगैरे. कोणता प्रकार कोणावर दुप्पट लागतो, कोणावर अर्धा आणि कोणावर शून्य, याचा मोठा तक्ता असतो. मुलाच्या वहीतले बाण म्हणजे तोच तक्ता. विजेचा वार गवत, वीज आणि ड्रॅगन या प्रकारांवर निम्माच लागतो आणि जमिनीवर तर शून्य. मग विजेच्या चालीबरोबर दुसरी कोणती घ्यावी? अनुभवी खेळाडू बर्फाची घेतो. कारण बर्फ हा गवत, ड्रॅगन आणि जमीन या तिघांवरही दुप्पट लागतो. उलट बर्फाला दाद न देणारा पाण्याचा पोकेमॉन विजेपुढे नांगी टाकतो. दोन्ही चाली सुट्या पाहिल्या तर मध्यम आहेत, जोडीने घेतल्या की एकीची पोकळी दुसरी भरून काढते. ‘थंडरबोल्ट’ आणि ‘आइस बीम’ ही जोडी खेळाडूंमध्ये वर्षानुवर्षं टिकून आहे ती यामुळेच.

आता वहीतला तो गुणाकार. ‘थंडर’ या चालीची ताकद ११०, पण नेम ७० टक्के. ‘थंडरबोल्ट’ची ताकद ९०, नेम शंभर टक्के. ११० ला ०.७ ने गुणलं तर सरासरी ७७ पडते. म्हणजे जबर दिसणारी चाल सरासरीत हलकी ठरली. आगीच्या चालींत उलटं होतं. ‘फायर ब्लास्ट’ची ताकद ११० आणि नेम ८५ टक्के, सरासरी ९३.५. ‘फ्लेमथ्रोअर’ ९० वर शंभर टक्के. इथे जोखमीची चाल थोडी पुढे आहे. तरीही नेहमी तीच घ्यावी असं नाही. सलग तीन वेळा नेम लागायलाच हवा असेल तर ८५ टक्क्यांची चाल तिन्ही वेळा लागण्याची शक्यता ६१ टक्के उरते, आणि ७० टक्क्यांच्या चालीची अवघी ३४. याला गणितात अपेक्षित मूल्य आणि विचलन म्हणतात. दहावीच्या पुस्तकात संभाव्यता नाणी आणि फासे घेऊन येते, आणि मुलं ती परीक्षेपुरती सोडवून मोकळी होतात. इथे नववीतला मुलगा कोणी न सांगता तिचा हिशोब मांडतोय, कारण हरणं त्याला झोंबतं.

चारही चाली वार करणाऱ्याच असाव्यात असंही नाही. ‘विल-ओ-विस्प’ समोरच्याला भाजते आणि त्याच्या अंगबळाच्या वारांची धार निम्मी करते. ‘प्रोटेक्ट’ एका फेरीपुरती ढाल धरते. ‘स्वोर्ड्स डान्स’ने स्वतःची ताकद दुप्पट होते, पण त्या फेरीत मार खावा लागतो. एक पूड वरणाला दिलं की भाजीचं एक पूड गेलं. प्रत्येक निवडीची किंमत कुठेतरी मोजावी लागतेच.

हाच डाव औषधांचा

देवनारच्या पत्राला उत्तर देताना मला दुसऱ्याच एका चार जणांच्या संघाची आठवण झाली, आणि ती आठवण त्या भागाशी जोडलेली आहे. देवनार, गोवंडी, मानखुर्द, शिवाजीनगर हा मुंबई महापालिकेचा एम-पूर्व विभाग. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा विभाग शहरात तळाला होता. १९२७ पासून शहराचा कचरा इथे येऊन पडतो. आणि क्षयरोगाचं ओझं इथल्या घरांनी वर्षानुवर्षं वाहिलं आहे. दाटीने उभ्या पुनर्वसन इमारतींत खालच्या मजल्यांपर्यंत ऊन-वारा पोचत नाही आणि त्याचा क्षयरोगाशी संबंध आहे, हे लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडच्या पाहणीतून पुढे आलेलं आहे. अनेक घरांत कोणी ना कोणी त्या गोळ्या घेतलेल्या असतात.

क्षयरोगाच्या नेहमीच्या उपचारात पहिले दोन महिने चार औषधं देतात. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथाम्ब्युटॉल. रुग्ण हमखास विचारतात, ‘इतक्या गोळ्या कशाला? जी सगळ्यांत जोरदार आहे ती एकच द्या ना.’ नवशिका खेळाडूही नेमकं हेच म्हणतो.

उत्तर असं. फुप्फुसातले जंतू सगळे एका अवस्थेत नसतात. भराभर दुभंगणाऱ्या जंतूंवर आयसोनियाझिड जोरात चालतं. काही जंतू बराच काळ निपचित पडून असतात आणि मधूनच जागे होतात. त्यांना रिफाम्पिसिन गाठतं. काही आम्लयुक्त जागी दडतात, तिथे पायराझिनामाइड कामाचं. आणि इथाम्ब्युटॉल हे राखणदार आहे. बाकीच्यांपैकी एखाद्या औषधाला आधीच दाद न देणारे जंतू असतील तर त्यांना डोकं वर काढू न देणं हे त्याचं काम. चौघांपैकी एकही सर्वगुणसंपन्न नाही. पण एकाची पोकळी दुसरा भरतो.

यामागचा हिशोब तर वहीतल्या गुणाकारापेक्षाही थेट आहे. आयसोनियाझिडला न जुमानणारा जंतू साधारण दहा लाखांत एखादा आपोआप निपजतो. रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एखादा. फुप्फुसात पोकळी पडलेल्या रुग्णात जंतूंची संख्या दहा कोटी ते शंभर कोटींच्या घरात असते. म्हणजे एकच औषध दिलं तर त्याला पुरून उरणारे जंतू आत आधीपासूनच हजर आहेत. औषध बाकीच्यांना मारतं आणि या उरलेल्यांना रान मोकळं मिळतं. पण दोन्ही औषधांना एकाच वेळी दाद न देणारा जंतू निपजण्याची शक्यता काढायची तर दोन्ही आकडे गुणावे लागतात. दहा लाख गुणिले दहा कोटी, म्हणजे एकावर चौदा शून्यं. इतके जंतू कुठल्याच रुग्णाच्या अंगात नसतात. औषधं जोडीने देण्याचं सगळं मर्म या एका गुणाकारात आहे.

हे ज्ञान फुकट मिळालेलं नाही. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध झाले. रुग्ण आधी सुधारले, मग त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या जंतूंनी औषधाला जुमानणं सोडलं. एकट्या औषधाचं काम इथेच थांबलं आणि जोडीने औषधं देण्याची वाट सुरू झाली.

महिन्याभरात ताप गेला, भूक लागू लागली, वजन वाढलं की गोळ्या सोडणारे रुग्ण याच ठिकाणी फसतात. भराभर वाढणारे जंतू मेल्यामुळे बरं वाटतं. निपचित पडलेले अजून आतच असतात. म्हणून पुढचे चार महिने तीन औषधं चालू ठेवायची. मधूनच एखादी गोळी ‘गरम पडते’ म्हणून वगळणं म्हणजे लढाईच्या मध्यावर आपल्या हाताने डब्यातलं एक पूड फेकून देणं. सरकारी उपचारात आता ही औषधं एकाच गोळीत एकत्र करून वजनाप्रमाणे रोज देतात, त्याचं एक कारण हेही की रुग्णाला मनाने निवड करायला वावच राहू नये. मुंबईसारख्या शहरात औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगाची चिंता किती खरी आहे, हे त्या विभागातल्या कोणत्याही डॉक्टरला विचारा. त्या रोगासाठी अलीकडे आलेला सहा महिन्यांचा उपचारही, योगायोग असेल, चारच औषधांचा आहे. बिडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये त्याची शिफारस केली, भारताने २०२४ मध्ये त्याला मान्यता दिली.

औषधं म्हणजे खेळ नव्हे, हे सांगायला नकोच. पण वहीत बाण काढणाऱ्या मुलाला ‘चार गोळ्या का?’ हे दोन मिनिटांत कळेल. आणि घरात किंवा शेजारी कोणी उपचार घेत असेल तर मधेच गोळ्या सोडू नका, असं त्याने आकड्यानिशी सांगितलेलं भित्तिपत्रकापेक्षा जास्त पटेल, असं मला वाटतं.

दुबळ्या खारीची गोष्ट

मूव्हसेटची सर्वांत गाजलेली कहाणी २०१४ च्या जागतिक स्पर्धेतली. स्पर्धा वॉशिंग्टनला होती. दक्षिण कोरियाचा सेजुन पार्क याने संघात पाचिरिसू आणला. ही निळी-पांढरी विजेची खार. पोकेमॉनच्या मूळ गुणांची बेरीज केली तर गारचॉम्पसारख्या दांडग्या ड्रॅगनची ६०० भरते, पाचिरिसूची ४०५. असल्या पोकेमॉनला मोठ्या स्पर्धेत कोणी हात लावत नव्हतं.

पार्कने तिला दिलेल्या चार चाली पाहा. ‘नझल’, ज्याने समोरच्याला हमखास लकवा भरतो. ‘सुपर फँग’, ज्याने समोरच्याची उरलेली ताकद निम्मी होते, मग तो कितीही धिप्पाड असो. ‘प्रोटेक्ट’ची ढाल. आणि ‘फॉलो मी’, म्हणजे या फेरीत सगळे वार माझ्याकडे या. स्पर्धेत दोन-दोन पोकेमॉन एकाच वेळी मैदानात असतात. पार्कच्या संघात गायराडोस होता, पाण्याचा आणि उडता. त्यामुळे विजेचा वार त्याला चौपट लागतो. पाचिरिसूच्या अंगात मात्र वीज शोषून घेण्याचा गुण आहे. विजेचा वार आला की तिची तब्येत उलट सुधारते. ती शेजारी उभी राहून वार अंगावर घेई आणि गायराडोस मोकळेपणाने मारा करी. पार्क जगज्जेता झाला.

यात चमत्कार काही नाही. तिच्या चौथ्या चालीचा उपयोग तिला स्वतःला शून्य आहे. तो शेजाऱ्याला आहे. इथाम्ब्युटॉलचंही तसंच, एकट्याने ते फार काही करू शकत नाही. मेंढीकोट खेळणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. जोडीदाराची मेंढी वाचवायला आपलं मोठं पान खर्ची घालणारा गडी कधीकधी स्वतः एकही हात करत नाही.

समोरचा काय करेल?

चाली निवडल्या म्हणजे काम संपलं नाही. समोरही डोकं आहे. समजा त्याचा पाण्याचा पोकेमॉन मैदानात आहे आणि मागे जमिनीचा राखीव. माझ्याकडे वीज आणि बर्फ. विजेचा वार पाण्यावर ८० लागेल, पण तो हुशारीने जमिनीचा पुढे आणेल तर शून्य. बर्फाचा वार पाण्यावर फक्त २०, पण जमिनीचा आला तर ८०. मी काय करावं?

पहिल्यांदा वीज सुचते, आणि ती सुचते हे समोरच्यालाही ठाऊक असतं. गणित असं सांगतं की सातपैकी तीन वेळा वीज टाका आणि चार वेळा बर्फ, तेही कसलाही क्रम न ठेवता. मग तो थांबो की बदलो, तुमची सरासरी तीच राहते, सुमारे ४६. समोर दिसणारी चाल निम्म्याहून कमी वेळा खेळायची, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयाचं हे छोटं उदाहरण आहे. कबड्डीत चढाईला जाणारा गडी प्रत्येक वेळी बोनस रेषेकडे धावत नाही, तो याच कारणाने. फरक इतकाच की माणसाला खरोखर बेक्रम वागता येत नाही. दोनदा वीज टाकली की तिसऱ्यांदा हात आपोआप बर्फाकडे जातो, आणि मुरलेला खेळाडू तेच हेरतो.

यंत्राचीही इथे भंबेरी उडते. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतल्या संशोधकांनी २०२४ मध्ये भाषा समजणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेला माणसांशी पोकेमॉन लढायला बसवलं. ऑनलाइन लढतींत तिने ४९ टक्के सामने जिंकले, म्हणजे माणसाच्या बरोबरीने. पण मला त्यातली एक नोंद फार आवडली. समोर दांडगा पोकेमॉन आला की यंत्र गडबडून आपला पोकेमॉन मागे घेई, पुढच्या फेरीत पुन्हा बदली, पुन्हा बदली. प्रत्येक बदलीत समोरच्याला फुकट वार मिळे. संशोधकांनी याला ‘घाबरून केलेली बदली’ असंच म्हटलंय. गंमत अशी की यंत्राला पायरीपायरीने विचार करायला लावलं तेव्हा हा प्रकार वाढला. मग एकच प्रश्न त्याला स्वतंत्रपणे अनेकदा विचारून बहुमताची चाल खेळायला लावली, तेव्हा बरंच निवळलं. दर आठवड्याला डॉक्टर बदलणारे रुग्ण माझ्या माहितीत आहेत, त्यांचं असंच होतं. एकाचं औषध लागू पडायच्या आत दुसऱ्याचं सुरू.

मेंदूत काय होतं?

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेसी गोमेझ आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये याचा एक सुंदर अभ्यास प्रसिद्ध केला. पाच ते आठ वर्षांचे असल्यापासून पोकेमॉन खेळणारे ११ प्रौढ आणि कधीच न खेळलेले ११ प्रौढ घेतले, आणि स्कॅनमध्ये त्यांना चित्रं दाखवली. खेळाडूंच्या मेंदूच्या मागच्या भागात, एका ठरावीक घडीत, पोकेमॉनच्या चित्रांना खास प्रतिसाद मिळाला. आणि ती जागा सगळ्या खेळाडूंत जवळपास एकच निघाली. कारण लहानपणी सगळ्यांनी ही चित्रं एकाच आकाराच्या चिमुकल्या पडद्यावर, नजरेच्या अगदी मधोमध पाहिली होती. लहान वयात जे पुन्हा पुन्हा लक्षपूर्वक पाहिलं त्यासाठी मेंदू जागा राखून ठेवतो. देवनागरी अक्षरांसाठीही तो हेच करतो.

पण यातून मूल हुशार होतं का? इथे मी आईबाबांना आणि गेमच्या कैवाऱ्यांना, दोघांनाही थोडं निराश करणार आहे. चेस आणि सायमन यांनी १९७३ मध्ये दाखवलं की बुद्धिबळातले निष्णात खेळाडू खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद पाहून बरीचशी बरोबर लावतात, पण सोंगट्या वाटेल तशा मांडल्या तर त्यांचा वरचष्मा जवळजवळ नाहीसा होतो. कौशल्य त्या खेळापुरतंच होतं, स्मरणशक्ती वाढली नव्हती. व्हिडिओ गेमवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा साला आणि गोबे यांनी सहकाऱ्यासह २०१८ मध्ये घेतला. गेमच्या सरावाने सर्वसाधारण बौद्धिक क्षमता वाढल्याचा भक्कम पुरावा त्यांना सापडला नाही. म्हणजे पोकेमॉन चांगलं खेळणारा मुलगा पोकेमॉन चांगलं खेळतो, एवढंच खात्रीने म्हणता येतं. वहीतला गुणाकार परीक्षेत आपोआप उतरणार नाही. पूल कोणीतरी बांधावा लागतो. शिक्षकाने, ताईने किंवा आईनेच विचारायचं की हे ०.७ कुठून आलं, सलग तीनदा नेम लागण्याची शक्यता किती, आणि चाळीसातून चार निवडायचे मार्ग कसे मोजलेस? यांतलं शेवटचं उत्तर त्याला आलं तर तो अकरावीचं गणित नववीत करतोय.

आता व्यसनाकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत २०२२ पासून ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे, पण तिथे किती तास हा निकष नाही. खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणं, आणि नुकसान होत असूनही खेळत राहणं, ही तिन्ही लक्षणं साधारण वर्षभर टिकलेली आणि शाळा, घर, मैत्री यांची घडी विस्कटलेली असेल तरच ते नाव लावतात. वही भरणारा मुलगा शाळेत जातोय, मित्रांत मिसळतोय, जेवायला हाक मारल्यावर डाव संपवून येतोय, तर तो आजारी नाही. हाक मारल्यावर ताबडतोब उठत नाही याचं एक साधं कारण आहे. समोर खरा माणूस बसलेला असतो आणि डाव सोडला तर हार लागते. ‘आत्ता बंद कर’ ऐवजी ‘हा डाव शेवटचा’ म्हणून पाहा, निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

खरं भांडण झोपेशी आहे. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. रात्री साडेबाराला परदेशातल्या खेळाडूशी जुंपलेली लढत सकाळी सातच्या शाळेला परवडत नाही. मोबाइल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला, आणि हा नियम आईबाबांनाही लागू. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. पोकेमॉनची लढत त्यात मोडत नाही, पण गेममध्ये वस्तू विकत घेता येतात, तेव्हा घरच्या बँक खात्याचा पिन मुलाला ठाऊक नसलेला बरा. ज्यांना झगझगीत उजेडाने फिट येते त्यांनी अंधारात पडद्याजवळ बसू नये. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉनच्या एका कार्टून भागात लाल-निळा प्रकाश वेगाने लुकलुकला आणि सुमारे ६८५ मुलांना रुग्णालयांत न्यावं लागलं. तो भाग पुन्हा कधी दाखवला गेला नाही. ताबा खरोखरच सुटलाय असं वाटलं तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं. बंगळूरच्या निमहान्समध्ये यासाठी २०१४ पासून स्वतंत्र केंद्र आहे.

‘बाहेर जाऊन खेळ’ हे देवनारमध्ये सांगणं मात्र सोपं नाही. जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या कचऱ्याच्या डोंगराला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांच्या चित्रांत दिसला होता. मैदानं अपुरी, रस्ते डंपरचे. ‘पोकेमॉन गो’ने मुलं चालायला लागतील अशी आशा अनेकांना होती. २०१६ च्या डिसेंबरात ‘बीएमजे’मध्ये आलेल्या अमेरिकी अभ्यासात पहिल्या आठवड्यात रोजची सुमारे ९५५ पावलं वाढली आणि सहाव्या आठवड्यापर्यंत सगळं मूळपदावर आलं.

आणखी एक अभ्यास या मुलाच्या वहीला उपयोगी पडेल. केंब्रिजच्या अँड्र्यू बामफर्ड यांनी २००२ मध्ये ‘सायन्स’मध्ये लिहिलं की ब्रिटनमधल्या आठ वर्षांच्या मुलांना पोकेमॉन भराभर ओळखता येतात, पण आसपासचे पक्षी, झाडं, किडे तितके नाही. देवनारच्या पूर्वेला ठाण्याची खाडी आहे, तिच्या काठचं तिवर कधी पाहिलंय का त्याने? खाऱ्या पाण्यात टिकायला पानांतून मीठ बाहेर टाकायचं, चिखलात हवा नाही म्हणून मुळं वर काढून श्वास घ्यायचा, बी झाडावर असतानाच रुजवायला सुरुवात करायची. तीन चाली झाल्या, चौथी त्यालाच शोधू द्या. फ्लेमिंगोंमध्येही जोडी आहे. लहान फ्लेमिंगो बारीक शेवाळ गाळून खातो, मोठा त्याच चिखलातले छोटे जीव, म्हणून दोघांचे थवे एका खाडीत नांदतात. ते साधारण नोव्हेंबर ते मे या काळात दिसतात. ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रातून त्यांना पाहायला होडी सुटते. तिची वेळ भरती-ओहोटीवर असते, तेव्हा आधी चौकशी करून जावं.